ओसरीवरचे बिऱ्हाड

जाहिरात या वस्तूविषयी आमच्या मनात मुळीच आकस नाही. दिवाळी अंक हाती आला म्हणजे घरातील वडील मंडळी कथेचे पान शोधीत आणि आम्ही मुले जाहिरातींची पाने उलटीत असू. केशतेलाच्या बाटलीपासून छत्रीपर्यंत साऱ्या बाजारपेठेतून घरबसल्या एक फेरी होत असे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून जाहिरातींस आरंभ झाला. गाण्यांच्या मध्येच हा व्यापार कशाला, म्हणून तेव्हा काही रसिकांनी नाके मुरडलीही असतील. पण पुढे त्याच जाहिरातींच्या चाली मुलांच्या तोंडी बसल्या.

या जुन्या जाहिरातीस एक मर्यादा होती. पान उलटले की ती मागे राही. रेडिओची खुंटी पिळली की ती गप्प बसे. यजमान झोपला असता तिने उठून त्याचे कपाट उघडावे, त्याला आलेली पत्रे चाळावी, तो उद्या कोणत्या दुकानात जाणार याचा अंदाज बांधून त्या दुकानाची पाटी रातोरात बदलावी, असला प्रकार तिच्या स्वप्नातही नसे.

संगणकाच्या दुनियेत मात्र जाहिरातीची एक निराळीच जात निपजली आहे. तिला अ‍ॅडवेअर असे म्हणतात. एखाद्या उपयुक्त वस्तूच्या पदराआडून संगणकात शिरावयाचे, तेथे मुक्काम ठोकावयाचा, आणि मग मालकाच्या डोळ्यांपुढे वेळी-अवेळी जाहिराती नाचवून त्यावर पैसे मिळवावयाचे, हा तिचा धंदा. संगणकाचा विषाणू आणि ही जाहिरात यांत लोक पुष्कळदा घोटाळा करतात. विषाणू हा घरफोड्या आहे. तो कुलूप तोडून येतो. ही मंडळी तशी नव्हेत. ती रीतसर दार ठोठावतात, आपण दुसऱ्याच पाहुण्याची वाट पाहत असल्यामुळे 'या' म्हणतो, आणि नंतर पाहावे तो ओसरीवर अख्खे बिऱ्हाड थाटलेले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण रचणाऱ्यास संगणक ठाऊक नव्हता; परंतु अ‍ॅडवेअरचे याहून नेमके वर्णन आम्हांस तरी करता येणार नाही. म्हणीतल्या भटाची आम्ही क्षमा मागतो. तो बिचारा निदान ओसरीवर तरी थांबे.

हा विषय शाळेच्या वार्षिकास शोभेल काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांस येईल. तिचे उत्तर म्हणून आमच्या शेजारी घडलेली एक हकीकत सांगणे आम्हांस इष्ट वाटते.

आम्ही राहतो भोपाळच्या इंद्रपुरीत. नावाने ही इंद्राची नगरी असली तरी येथे ऐरावत नाही की अप्सरा नाहीत. सायकली, स्कूटरी, शिकवणीच्या वर्गांना धावणारी मुले आणि सकाळी दुधाची पिशवी घेऊन सावकाश परतणारे पेन्शनर, असा येथला दरबार आहे. शेजारीच भेलचा अवाढव्य कारखाना व त्याची वसाहत. १९५६ हे वर्ष भोपाळच्या मराठी घरांच्या इतिहासात फार मोलाचे आहे. त्याच वर्षी अवजड विद्युत यंत्रसामग्रीच्या या कारखान्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला नव्या मध्य प्रदेशची राजधानी म्हणून भोपाळची निवड अमलात आली. जुनी राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली आणि सचिवालयाच्या दप्तरांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे बिछाने बांधून इकडे आली. मागाहून कारखान्याने आणखी माणसे ओढली.

आमच्या शेजारच्या काकू अशाच घरातल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, तरुणपणी नागपूरहून कारखान्यात आले आणि येथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले. पेन्शनच्या कागदांपुरताच नव्हे. त्यांनी आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. कारखान्याच्या सुरुवातीचे दिवस, वसाहतीतला गणेशोत्सव, डिसेंबर १९८४ मधल्या वायुदुर्घटनेनंतर रुग्णालयांच्या आवारात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पाण्याच्या बादल्या वाहून काढलेल्या रात्री. असे साठ-पासष्ट पानांचे लिखाण झाले. ते कोणास दाखविण्यापूर्वीच काका गेले.

मुलीने आईसाठी नवा संगणक पाठविला आणि जुन्यातील कागद त्यात उतरवून दिले. काकूंनी एका दुपारी ते लिखाण उघडले, तो काय! मराठीचा मागमूस नाही. रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे, मध्येच एखादा डॉलर. काकांनी ते 'शिवाजी' नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले होते आणि नव्या यंत्रात तो फॉन्ट नव्हता. काकूंनी कोणास तसदी दिली नाही. त्यांनी शोध घेतला, 'फुकट' असे लिहिलेले एक पान उघडले, आणि त्यावरचे भले मोठे हिरवे बटण दाबले. ते बटण फॉन्टचे नव्हते. ते पानावरच्या जाहिरातीचे होते. फॉन्टचा खरा दुवा खाली बारीक राखाडी अक्षरांत दडला होता. पुढे एकामागून एक खिडक्या आल्या, प्रत्येकीत 'पुढे' असे एक ठळक बटण होते, आणि फॉन्टच्या आशेने काकू पुढे जात राहिल्या. एका पानाने तर 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे बजाविले. तेही दाबले.

दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी उगवू लागल्या. आधी बक्षिसाच्या. मग 'आपल्या संगणकात पाच विषाणू सापडले, त्वरित या क्रमांकावर फोन करा' अशा. आणि मग एके दिवशी, सुट्टीस आलेला नातू शेजारी बसलेला असताना, काही अशी चित्रे आली की ज्यांविषयी या पृष्ठावर लिहिणे बरे नव्हे. काकूंनी वायर ओढून काढली, संगणकावर भरतकामाचा रुमाल घातला आणि त्यानंतर दोन महिने त्याला हात लावला नाही. लेकीशी होणारे दर रविवारचे बोलणे 'यंत्र बिघडले आहे' या सबबीवर फोनवर आटोपू लागले.

आम्हांस या प्रकरणात चटका लावून गेली ती गोष्ट हीच. काकूंस वाटत होते की आपण काही वावगे पाहिले असा लोकांचा समज होईल. 'या वयात म्हातारी काय बघत बसते, असे म्हणतील ना!' असे त्या पुढे आम्हांस म्हणाल्या. ज्याने चित्रे धाडली तो हजारो कोसांवर निर्धास्त, आणि मान खाली घातली कोणी, तर ज्यांचा काडीमात्र दोष नाही त्या माउलीने! या धंद्याची निम्मी भिस्त माणसाच्या लाजेवर आहे. लाजलेला मनुष्य विचारीत नाही, आणि न विचारणाऱ्याच्या घरी हे बिऱ्हाड वर्षानुवर्षे सुखाने नांदते.

अखेर त्यांनी एका दुरुस्तीवाल्यास बोलाविले. त्याने दोन मिनिटे पाहून निकाल दिला, 'माताजी, फॉर्मेट करना पड़ेगा.' म्हणजे सारे पुसून पाटी कोरी करावयाची. आतल्या कागदांचे काय, असे विचारता त्याने खांदे उडविले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. काकूंनी त्यास चहा पाजून परत पाठविले आणि आमच्या फाटकाशी येऊन म्हणाल्या, 'जरा येऊन बघ ना. यांचे लिहिलेले त्यात आहे.'

आम्ही गेलो ते एकटे गेलो नाही. समोरच्या घरातील नववीत शिकणारी एक मुलगी बरोबर घेतली. तिच्या उपस्थितीने काकूंचा संकोच वाढेल अशी आम्हांस धास्ती होती. घडले उलटे. ती खुर्चीवर बसताच म्हणाली, 'आजी, आमच्याकडेपण आलं होतं हे. बाबांच्या लॅपटॉपवर.' काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका वाक्याने उतरला.

पहिले काम लिखाण वाचविण्याचे. संगणक इंटरनेटपासून तोडला आणि काकांची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. असल्या प्रसंगी मालमत्ता आधी बाहेर काढावी. पाहुण्यांशी भांडण नंतर.

मग कोपऱ्यातल्या चौकटी. येथे एक मौज कळली, ती बहुतेकांस ठाऊक नसते. 'पाच विषाणू सापडले' असे सांगणारी ती चौकट संगणकाने काढलेलीच नव्हती. ब्राउझरमध्ये कोणत्याही संकेतस्थळास आपल्याकडे सूचना धाडण्याची परवानगी मागता येते, आणि ते 'अलाऊ' म्हणजे तीच परवानगी होती. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये खासगीपणा आणि सुरक्षितता या सदराखाली साइट सेटिंग्ज, व त्यात नोटिफिकेशन्स, अशी वाट आहे. तेथे अकरा अनोळखी स्थळांची नावे निघाली. अकराही काढून टाकली, आणि 'कोणत्याही स्थळास सूचना धाडण्याची विनंतीही करू देऊ नये' हा पर्याय निवडला. अर्धा गोंधळ तेवढ्यानेच शमला. दोन महिन्यांची लाज आणि अकरा नावांची यादी, एवढाच तो मामला होता!

उरलेला अर्धा मात्र चिवट निघाला. ब्राउझरला जोडावयाच्या एक्स्टेन्शन नावाच्या पुरवण्या असतात. तेथे दोन अपरिचित होत्या. एक निमूटपणे गेली. दुसरीवर काढण्याचे बटणच चालेना. तेथे 'आपल्या संस्थेद्वारे नियंत्रित' अशी पाटी होती. कार्यालयांतील संगणकांसाठी असलेली ही सोय घरगुती यंत्रात दिसली की बहुधा दाल में काला. काकूंस आम्ही विचारले, 'तुमच्या घरी कोणती संस्था?' त्या म्हणाल्या, 'एक भजनी मंडळ आहे, पण ते संगणकाला हात लावत नाही.'

तेव्हा मूळ प्रोग्राम शोधावयास हवा होता. बसविलेल्या अ‍ॅप्सची यादी उघडली, ती सत्तर-ऐंशी नावांची. खरा कोणता आणि तोतया कोणता, हे नावावरून कळेना. कारण तोतयांची नावे नेहमी भारदस्त असतात. त्या मुलीने युक्ती काढली. यादी नावाच्या क्रमाने न लावता बसविल्याच्या तारखेप्रमाणे लावली, आणि काकूंनी फॉन्टचा उद्योग केला ती तारीख विचारली. त्या दिवशी एकादशी होती, म्हणून ती काकूंच्या पक्की ध्यानात. त्या एका तारखेखाली चार नावे होती: एक पीडीएफ बनविणारा, एक हवामान सांगणारा, एक शोधात मदत करणारा आणि एक संगणकाची गती वाढविणारा. फॉन्ट मात्र एकही नव्हता. काढू लागताच प्रत्येकाने गयावया केली. एकाने रडवेल्या चेहऱ्याचे चित्र दाखविले. दुसऱ्याने 'ठेवावे' हे बटण मोठे व निळे आणि 'काढावे' हे शब्द पांढऱ्यावर फिकट राखाडी, असा डाव टाकला. घरमालकाने सामान बाहेर काढावे आणि बिऱ्हाडकरूने दाराच्या चौकटीस मिठी मारावी, तसे हे दृश्य होते.

तदनंतरची कामे कंटाळवाणी होती, म्हणून थोडक्यात सांगतो. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणाऱ्या प्रोग्रामांची यादी टास्क मॅनेजरमध्ये असते. तेथून एक बंद केला. ठरावीक वेळी कामे करविणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये एक नोंद दर तासास त्या बिऱ्हाडास परत बोलावीत होती, ती पुसली. पडद्यावरच्या ब्राउझरच्या चित्राचे गुणधर्म उघडता त्याच्या पत्त्याच्या शेपटीस एक परका पत्ता चिकटविलेला दिसला, तो छाटला. मग इंटरनेट पुन्हा जोडून विंडोजबरोबरच येणाऱ्या डिफेंडरकरवी संपूर्ण तपासणी केली आणि शेवटी अ‍ॅडवक्लीनर हे मोफत साधन चालविले. हे साधन २०११ पासून आहे आणि २०१६ मध्ये ते मालवेअरबाइट्स या कंपनीने घेतले. ती 'संस्थे'ची पाटी त्याने उतरविली. येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. अशा साधनाचे नाव शोधले असता सर्वांत वर जे निकाल येतात ते पैसे भरून लावलेल्या जाहिरातींचे असू शकतात, आणि त्यांत तोतये साफसफाईवालेही असतात. पत्त्याच्या पट्टीत बनविणाऱ्याचा खरा पत्ता स्वतः लिहून जावे.

एवढे करूनही दुसऱ्या दिवशी ती चिवट पुरवणी परत आली. कारण ब्राउझर काकूंच्या खात्याशी जोडलेला होता आणि खात्याने आपल्या आठवणीतून ती पुन्हा उतरविली होती. ते जोडकाम थांबवून, खात्यात साठविलेली ती माहिती पुसून, ब्राउझर मूळ स्थितीत आणला, तेव्हा कोठे शांतता झाली. बँकेचा व पत्रांचा पासवर्ड काकूंनी दुसऱ्या यंत्रावरून बदलला. त्यांचे पैसे गेले नव्हते. तसे काही घडले असते तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविणे हा मार्ग आहे. चौकटीत दिलेल्या क्रमांकावर फोन करणे हा नव्हे.

हा उपद्व्याप करतो तरी कोण, असे काकूंनी चहा ओतताना विचारले. प्रश्न साधा आहे, उत्तर उद्बोधक. गेल्या शतकाच्या अखेरीस फुकट प्रोग्रामांची लाट आली आणि फुकट देणाऱ्यास पैसे कोठून मिळणार, या प्रश्नातून हा धंदा जन्मला. बॉन्झी बडी नावाचा एक जांभळा गोरिला मुलांच्या पडद्यावर नाचू लागला. तो विनोद सांगे, गाणी म्हणे, आणि जाहिरातीही आणी. त्याच्या कर्त्यांनी पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा केली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २००४ मध्ये त्यांस ७५,००० डॉलर दंडाची तडजोड करावी लागली. झांगो नावाच्या कंपनीस २००६ मध्ये ३० लक्ष डॉलर मोजावे लागले. तथापि धंदा थांबला नाही. २०१६ मध्ये गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी त्याचा हिशेब मांडला, तो असा की, एखाद्याच्या संगणकात प्रोग्राम घुसवून देणाऱ्या मध्यस्थास दर यंत्रामागे दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत मिळते, आणि असे उतरविण्याचे प्रयत्न आठवड्यास सहा कोटींहून अधिक होतात. म्हणजे काकूंच्या दोन महिन्यांच्या लाजेची घाऊक किंमत दीड डॉलरच्या आतली!

केवळ अनोळखी मंडळींनीच हे केले असे नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले की लेनोवो या नामांकित कंपनीच्या काही नव्या लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिरात-प्रोग्राम कारखान्यातूनच बसवून आलेला होता, आणि त्याने सुरक्षित संपर्काचे कुलूपही ढिले केले होते. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाच्या प्रोग्रामाविषयी इशारा दिला; जगात २५ कोटी यंत्रे आणि त्यांत भारतातील अडीच कोटींहून अधिक, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो आकडा फुगविलेला ठरविला. आकड्यांच्या वादात आम्ही पडत नाही. भारताचे नाव त्या यादीत सर्वांत वर होते, एवढे पुरे आहे.

कायदा काय करतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात दूषित वस्तू घालणाऱ्यास जबाबदार धरते. खोच आहे ती 'परवानगी' या शब्दात. हे लोक म्हणतात, परवानगी घेतली होती. तुम्हीच 'पुढे' दाबले. म्हणून आम्हांस ३० नोव्हेंबर २०२३ रोजी निघालेली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे महत्त्वाची वाटतात. फसव्या मांडणीचे तेरा प्रकार त्यांत सांगितले आहेत: बातमीच्या वेषातील जाहिरात, पुन्हा पुन्हा टोचणी, नको ते बटण ठळक करणे, आणि खोट्या विषाणूची भीती घालून औषध विकणे हादेखील. फसवून मिळविलेले 'होय' हे होय नव्हे, हे सरकारी कागदावर आले, ही लहान गोष्ट नाही. कागदाचे बळ परदेशातील अनामिकास कितपत पोहोचते, हा प्रश्न राहतोच.

आपल्या माणसांनी या क्षेत्रात केलेले कामही मुलांस ठाऊक असावे. सातारा जिल्ह्यातून पुण्यास आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांतील विषाणू काढता काढता या भावांनी जे साधन केले ते १९९५ च्या सुमारास क्विक हील या नावाने बाजारात आले. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले, तेव्हा तेथून जनतेस मोफत देण्यात आलेल्या साधनांत या पुण्याच्या कंपनीचेही साधन होते. 'फॉर्मेट करना पड़ेगा' म्हणणारा दुरुस्तीवाला आणि हे दुरुस्तीवाले यांत फरक इतकाच की यांनी यंत्रात काय आहे ते पाहण्याचा कंटाळा केला नाही.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काकूंच्या घरी जे केले ते फार थोडे आहे. त्यांच्यासाठी संगणकात साधे खाते उघडले. व्यवस्थापकाचे खाते निराळे ठेवून त्याचा पासवर्ड एका वहीत, काकूंच्या हस्ताक्षरात. यामुळे बराचसा नवा प्रोग्राम वहीपर्यंत जाऊन आल्यावाचून बसत नाही, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप व ब्राउझर नियंत्रणाखाली अनिष्ट अ‍ॅप अडविण्याची सोय आहे. ती चालू असल्याची खात्री केली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काकूंचे यंत्र त्यापुढचे असल्याने तो प्रश्न आला नाही, परंतु ज्यांचे जुने आहे त्यांनी इकडे लक्ष द्यावे. प्रोग्राम बसविताना 'जलद' आणि 'स्वतः निवडा' असे दोन मार्ग दिसले तर दुसरा घ्यावा, कारण भरलेल्या खुणांच्या चौकटी तेथेच सापडतात. जलद मार्गात त्या पोटात घेतलेल्या असतात. जाहिराती अडविणारी यूब्लॉक ओरिजिन ही पुरवणी फायरफॉक्समध्ये बसविली. प्रामाणिक वृत्तपत्राचा चरितार्थ जाहिरातीवर चालतो हे आम्ही जाणतो, म्हणून काकू रोज वाचतात त्या दोन वृत्तपत्रांस त्यातून सूट दिली. त्यांच्या जाहिराती अजून पानावरच थांबतात.

आता मूळ दुखणे. फॉन्ट कोठून आणावयाचा? येथे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा प्रकार निघाला. काकांचा जुना संगणक माळ्यावर होता. फॉन्ट म्हणजे तरी काय, विंडोजच्या फॉन्ट्स या खणातली एक लहानशी फाइल. जुने यंत्र कुरकुरत का होईना, सुरू झाले. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, तपासली, नव्या यंत्रात ठेवली, आणि पडद्यावरचे ते डॉलर व टक्के क्षणार्धात मराठी झाले. काकू काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पहिले पान वाचावयास घेतले, तेव्हा ती मुलगी व आम्ही बाहेर पडवीत जाऊन बसलो.

अशा जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीची चित्रे बसविलेली असत. म्हणून फॉन्ट नसला की सारा मजकूर निरर्थक. युनिकोडमध्ये देवनागरीस तिच्या स्वतःच्या जागा आहेत, आणि त्या १९९१ पासून आहेत. आज मराठी लिहिण्यासाठी बाहेरून काहीच आणावे लागत नाही. विंडोजबरोबर निर्मला हा फॉन्ट येतो, मराठीचा कळफलक येतो, आणि रोमन उच्चाराप्रमाणे टंकण्याचा ध्वन्यनुसारी कळफलकही २०१९ पासून येतो. अधिक देखणे काही हवे तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहे. घरोघरी पडलेल्या जुन्या फाइलींचा प्रश्न मात्र मोठा आहे. आजोबांच्या कविता, मंडळांची इतिवृत्ते, लग्नातील मंगलाष्टके, काय काय त्या फॉन्टांत अडकून पडले आहे! त्यांच्या शोधात निघालेली वडील मंडळीच हिरव्या बटणांची गिऱ्हाइके होतात.

काकांच्या आठवणी आम्ही युनिकोडमध्ये आणल्या. रूपांतर करणारे साधन पुष्कळ काम करते, परंतु रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी वाट चुकते, जोडाक्षरे फुटतात. तेव्हा तीन आठवडे रोज संध्याकाळी काकूंनी वाचावे, त्या मुलीने दुरुस्त करावे, असा क्रम चालला. वायुदुर्घटनेचे प्रकरण काकूंनी एकटीने वाचले. एक शब्द अद्याप लागलेला नाही. सदतिसाव्या पानावर, बादल्या वाहणाऱ्या सोबत्यांच्या यादीत, एक नाव मूळ फाइलमध्येच तुटलेले आहे. जुन्या फॉन्टमध्येही तेथे दोन काने आणि एक अनुस्वार एवढेच दिसते. काकूंनी कारखान्यातील काकांच्या तीन जुन्या मित्रांस विचारून पाहिले. चौथे सध्या मुलाकडे रायपुरास आहेत. ते चैत्रात परत यावयाचे आहेत.